झाकणीचे कान

माझे सासरे हातकातरीने पत्र्याची गोल झाकणे कापून विकत. त्यांचे चिरंजीव, म्हणजे माझे यजमान, यांनी घराच्या तळमजल्यावर ठसा मारून झाकणे पाडणारे पहिले यंत्र बसवले. माझ्या मुलाने एका यंत्राची तीन केली आणि ‘झाकणवाले’ हे नाव घराण्याला कायमचे चिकटवून घेतले. या तिघांच्या पाठोपाठ जन्मली ती माझी नात. कारखान्यातली माणसे तिला ‘झाकणी’ म्हणू लागली. मला ते नाव मुळीच पसंत नव्हते. पण मुलगी इतकी वाटोळी आणि चकचकीत होती, की आठवड्याभरात मीही तेच म्हणू लागले.

पुढचे सांगताना मला किळस येते, आणि तिचा मोठा वाटा माझा स्वतःचा आहे. बाकीचा मी ज्याचा त्याला वाटून देणार आहे.

आमच्या घरात खाली यंत्रे आणि वर आम्ही. सकाळी आठ वाजता पहिला ठसा पत्र्यावर आदळला, की वर फळीवरची भांडी बोटभर सरकतात. तेलकट पत्र्याचा वास जिन्याने वर येतो आणि उशांच्या अभ्र्यांत जाऊन बसतो. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिला महिनाभर जेवण माझ्या घशाखाली उतरत नसे. अशा घरात तोंडाने बोलणे म्हणजे श्वासाची नासाडी. म्हणून आम्ही हातांनी बोलत असू. बोटे ओठांशी नेली की जेवायला या. मनगटावर टिचकी मारली की उशीर झाला. लाकडी जमिनीवर दोनदा टाच आपटली की मागे वळून बघा. माझे यजमान हयात असताना ते आणि धाकटे दीर एकदा तीन दिवस नुसत्या हातांनी भांडले, आणि शेजारी म्हणाले, तुमच्याकडे किती शांतता असते हो.

ही हातांची बोली माझ्या नणंदबाईंनी घडवलेली. यजमानांची ही थोरली बहीण पहिल्या यंत्रापाशी बसे. यंत्राच्या अंगावर तळवा ठेवून त्या सांगत, की ठशाची धार गेली आहे, आता झाकणाच्या कडेला चीर येईल. अर्ध्या तासात ती येई. त्यांना ऐकू येत नव्हते. जन्मापासूनच नव्हते. पण आम्ही जगाला सांगत असू, की यंत्रामुळे कान गेले. यंत्रापाशी जन्म काढलेल्या बाईचे कान जातात हे कोणालाही पटते. बोलत का नाहीत असे कोणी विचारले, तर मी म्हणत असे, स्वभावानेच अबोल आहेत. माझ्या मुलाचे लग्न ठरवतानाही सुनेच्या माहेरी मी हेच सांगितले. इतक्या सराईतपणे सांगितले, की सांगताना आवाजसुद्धा हलला नाही.

झाकणी जन्मली त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रसूतिगृहातली परिचारिका एक लहानसे यंत्र घेऊन आली. बाळाच्या कानात तिने बोंडे बसवली, आणि यंत्राकडे बघत मला विचारले,

“आजी, घरात कोणाला जन्मापासून ऐकू येत नाही, असं आहे का?”

“आमच्या घराण्यात सगळ्यांचे कान शाबूत आहेत,” मी म्हटले.

“तसं नाही हो. सगळ्यांनाच विचारते मी. दोन्ही कानांचा निकाल नीट आलेला नाही. कधीकधी आत पाणी असतं. महिन्याभरात परत आणा, पुन्हा बघू.”

तिने एक चिठ्ठी दिली. मी तिची घडी घातली आणि पिशवीच्या तळाशी टाकली. त्या परिचारिकेचा गोड, लाडिक सूर मला असह्य झाला होता. आणि मी स्वतःला पटवले, की चिठ्ठी विसरण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.

इतर घरांत हे पुढे निभले नसते. तिथे बाळ हाकेला वळत नाही, दार आपटले तरी दचकत नाही, हे कोणाच्या तरी ध्यानात येते. आमच्या घरात मात्र झाकणी सगळ्यांत चलाख ठरली. मागे टाच आपटली की ती गर्रकन वळे. ओठांशी बोटे नेली की तोंड उघडे. यंत्र सुरू झाले की जमिनीवर दोन्ही पंजे पसरून हसे. दहाव्या महिन्यात तिने मनगटावर टिचकी मारून बापाला उशीर झाल्याचे सांगितले, आणि माझा मुलगा ते कारखानाभर सांगत फिरला. आम्ही तिच्यावर खूश होतो.

खूश नव्हत्या त्या एकट्या नणंदबाई. चौथा महिना असेल. एका दुपारी त्या वर आल्या. झाकणी माझ्या मांडीवर होती. त्यांनी आधी मुलीकडे बोट दाखवले, मग स्वतःकडे, आणि मग दोन्ही तळहात कानांवर ठेवून मान हलवली. तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. यंत्र बंद असताना पाळण्याच्या मागे उभे राहून आपण तीनदा टाळ्या वाजवल्या, मुलगी हलली नाही, हेसुद्धा त्यांनी करून दाखवले.

मी त्यांचे हात धरून खाली दाबले. तोंडाने म्हणाले, “वन्सं, तुम्हाला सगळं जग तुमच्यासारखंच दिसतं.” त्यांना शब्द ऐकू आले नाहीत, चेहरा वाचता आला. त्या खाली निघून गेल्या आणि पुन्हा त्या विषयावर त्यांनी हात उचलला नाही.

यानंतर सात महिने गेले.

अकराव्या महिन्यात आमच्या भागातल्या विजेच्या तारा बदलायला काढल्या आणि तीन दिवस यंत्रे थांबली. मी या घरात आल्यापासून इतकी शांतता कधीच नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी सून दोनशे झाकणांची चवड घेऊन जिना चढत होती. वरच्या पायरीवर तिचा तोल गेला आणि सगळी झाकणे दगडी पायऱ्यांवरून खाली गेली. शेजारचे दोघे धावत आले. मी स्वयंपाकघरातून आले. झाकणी जिन्याच्या तोंडाशी पाठ करून बसली होती आणि आपल्या पायाचा अंगठा चोखत होती. तिने मान वळवली नाही.

सुनेने माझ्याकडे पाहिले. “आई,” ती म्हणाली, “हिला कळलंच नाही.”

“खेळात गुंग आहे.”

“आई, माझे कान अजून दुखताहेत.”

तिने एक झाकण उचलले आणि मुलीच्या डोक्यामागे भिंतीवर आपटले. मग पुन्हा. मग पुन्हा. शेवटी मीच तिचा हात धरला. नणंदबाई खाली जिन्याच्या तळाशी उभ्या होत्या. त्या वर आल्या नाहीत, एवढेच मला दिसले.

मोठ्या रुग्णालयात मुलीला झोपवून डोक्याला तारा लावून तपासणी झाली. श्रवणतज्ज्ञ बाई साधारण चाळिशीच्या, कोरड्या बोलणाऱ्या होत्या. त्यामुळे मला पटल्या. त्या म्हणाल्या, दोन्ही कान जवळजवळ पूर्ण बंद आहेत, आतल्या शंखातल्या पेशी काम करत नाहीत. कानामागचे साधे यंत्र दोन-तीन महिने लावून बघू; उपयोग झाला नाही तर शस्त्रक्रिया करून आत बारीक तार बसवावी लागेल. ती तार आवाजाचे विजेच्या खुणांत रूपांतर करून थेट नसेला देते.

“पण एक समजून घ्या,” त्या म्हणाल्या. “ही तार भाषा बसवत नाही, फक्त दार उघडते. मेंदूचा जो भाग ऐकण्यासाठी असतो, त्याला पहिल्या वर्षा-दोन वर्षांत आवाज मिळाला नाही, तर तो भाग डोळे वापरायला लागतात. मग तार बसवूनही शब्द उशिरा येतात, अडखळत येतात, कधी पुरे येतच नाहीत. म्हणून एकेक महिना मोलाचा. कोणाच्या लक्षात आलं पहिल्यांदा?”

खोलीत माझा मुलगा होता, सून होती आणि मी होते.

“माझ्या,” मी म्हणाले.

“कधी?”

“परवा.”

“शाब्बास, आजी. आणि घराण्यात आधी कोणी?”

“कोणी नाही.”

सुनेने जमिनीकडे पाहिले. तिला वाटले असावे, सासूने श्रेय घेतले. तेवढेच तिला माहीत होते. मुलाला सगळे माहीत होते. आपल्या आत्याचे कान जन्मापासून कसे आहेत, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. तो भिंतीवरचे कानाचे रंगीत चित्र बघत राहिला. मी त्याला वाढवला तसा तो झाला. त्या दिवशी त्याच्या वाकलेल्या मानेकडे पाहून मला शिसारी आली, आणि ती मान माझ्याच हाताखाली घडली आहे हे कळून दुप्पट आली.

कानामागच्या यंत्राने काही साधले नाही. शस्त्रक्रिया ठरली. खर्चाविषयी मी बोलणार नाही, तो झाला.

धाकटे दीर जेवणाच्या वेळी हजर झाले. दात कोरत बोलण्याची त्यांची जुनी सवय आहे.

“वहिनी, पोरीच्या डोक्यात लोखंड घालणार म्हणे.”

“लोखंड नव्हे.”

“जे काय असेल ते. उद्या वीज कडाडली म्हणजे?”

“वीज कडाडली म्हणजे तिला ऐकू येईल, भाऊजी.”

“थोडी मोठी होऊ द्या की. पाच-सात वर्षांची झाली की तिलाच विचारू. एवढी घाई कसली?”

“पाच-सात वर्षांची होईल तेव्हा तुम्ही तिला कशाने विचारणार?”

त्यांनी काडी बदलली. “आपल्या घरात न बोलता कोणाचं काही अडलं का आजवर? ताईचं अडलं?”

त्यांच्या मागे, दाराच्या चौकटीला टेकून, नणंदबाई उभ्या होत्या. दिरांना त्या दिसल्या नाहीत. मला दिसल्या. मी उत्तर दिले नाही, आणि त्या क्षणी माझे तोंड का बंद राहिले हे मला पक्के माहीत होते. ‘अडलं’ असे म्हटले असते, तर पुढचे सगळे बोलावे लागले असते.

सुनेची एक लांबची मावशी कानात घालायचे तेल घेऊन आली. तिच्या शेजारच्या कोणा मुलाचे कान म्हणे त्या तेलाने सात दिवसांत उघडले होते. मी बाटली हुंगली. जळक्या केसांसारखा वास होता. ती बाई जिना उतरून जाईपर्यंत मी वाट पाहिली आणि तेल मोरीत ओतले. मोरी दोन दिवस घाण मारत होती.

झाकणी सव्वा वर्षाची असताना शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर चार आठवड्यांनी बाहेरचा भाग बसवून यंत्र पहिल्यांदा सुरू करायचे होते. त्या दिवशी रुग्णालयाच्या ओसरीत माझे सात नातेवाईक मोबाईल घेऊन उभे होते. कोणी सांगितले, कोणी बोलावले, कोणालाच माहीत नव्हते. त्यांनी असल्या चित्रफिती पाहिल्या होत्या. बाळ पहिला आवाज ऐकते, हसते, आई रडते. तेच त्यांना हवे होते. एकीने तर रडण्यासाठी रुमालही आणला होता. आमच्या मागोमाग सगळे खोलीत शिरले.

श्रवणतज्ज्ञ बाईंनी कानामागे यंत्र अडकवले, डोक्यावर चुंबकाची चकती चिकटवली आणि संगणकावरून अगदी हलका आवाज सोडला. झाकणीचे चोखणे थांबले. डोळे मोठे झाले. दुसऱ्या आवाजाला तिचा चेहरा वाकडा झाला, आणि तिसऱ्याला ती अशी किंचाळली, की जणू कोणी तिला चिमटा काढला. तिने चकती ओढून फेकली.

“हसली नाही का?” मागून कोणी विचारले.

“परत लावा ना. माझं नीट आलं नाही.”

मी वळले. सगळ्यांचे मोबाईल वर होते आणि चेहऱ्यांवर बाजारातून रिकाम्या हाताने परतणाऱ्या माणसांची नाराजी होती. घाबरलेल्या पोरीचे रडणे त्यांना कमी पडले होते. “उपाहारगृह तळमजल्यावर आहे,” मी म्हणाले. “सगळ्यांनी तिकडे जा आणि तिथूनच घरी जा.” त्यांच्यातली बरीच मंडळी अजून माझ्याशी बोलत नाहीत. माझी काहीच गैरसोय झालेली नाही.

श्रवणतज्ज्ञ बाई म्हणाल्या, “घाबरली ते बरंच झालं. म्हणजे पोचतंय. आज तिचं ऐकण्याचं वय एक दिवस आहे, आजी. आता रोज मोजा.”

मग झाकणीला ऐकायला-बोलायला शिकवण्यासाठी आमच्याकडे शिक्षिका आली. बारीक अंगाची, मोठ्या पिशवीची, आणि मला न घाबरणारी. तिचे नियम थोडे होते. मुलगी जागी आहे तोवर यंत्र तिच्या कानावर असलेच पाहिजे. घरात रोज चार तास तरी पूर्ण शांतता. दिसण्याआधी ऐकवायचे, वाटी दाखवण्याआधी वाटी म्हणायचे. आणि एकच शब्द दहा वेळा नव्हे, दहा ठिकाणी म्हणायचा.

मी फर्मान काढले. सकाळी दहा ते बारा आणि दुपारी चार ते सहा यंत्रे बंद. माझे सासरे गेले त्या दिवशीसुद्धा ती अर्धाच दिवस बंद होती. दीर तणतणत वर आले, माल कधी निघणार म्हणून. मी म्हणाले, “रात्री हात चालवा. तोंड दिवसा पुष्कळ चालतं तुमचं.” दहाच्या ठोक्याला मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून खाली ओरडत असे, “बंद!” आणि तिन्ही ठसे एकेक करून थांबत.

येथवर मी जे केले ते योग्य केले. पण नेमक्या याच दिवसांत मी ते केले ज्याची मला आजही सर्वांत जास्त घाण वाटते. शिक्षिकेने सांगितले होते, आधी कान, मग डोळे. मी त्याचा कायदा केला. घरात कोणीही मुलीसमोर हात हलवायचा नाही. टाच आपटायची नाही. ज्यांना तोंडाने बोलता येत होते ते आठवड्यात सरावले. ज्यांना येत नव्हते त्या एकट्याच होत्या. त्यांनी मुलीला जेवायला बोलावण्यासाठी ओठांशी बोटे नेली, आणि मी ती बोटे धरून खाली केली. त्यांचे ताट मी खाली कारखान्यात पाठवू लागले. यंत्रे बंद, म्हणून काम नाही. हात बंद, म्हणून बोलणे नाही. त्यांनी ज्या घराला बोलायला शिकवले, त्या घरात त्यांना मी मुके केले. कारण मला सांगायला सोपे होते: मुलीच्या भल्यासाठी.

दीड महिन्याने शिक्षिका एके दिवशी ठरल्यापेक्षा अर्धा तास आधी आली. ती वर पोचली ती कपाळाला आठ्या घेऊनच.

“जिन्यात बसल्यात त्या कोण?”

“माझ्या नणंदबाई.”

“हात मांडीखाली दाबून का बसल्यात?”

“तुमच्याच नियमासाठी.”

“माझा असा नियम नाही.”

“आधी कान, मग डोळे. तुम्हीच म्हणालात.”

ती खुर्चीवर बसली. पिशवी उघडली नाही. “आजी, मी खालची यंत्रं बंद करायला सांगितली होती. माणूस नाही. झाकणीनं तुमचं ऐकावं, म्हणून तुम्ही बोला. भरपूर बोला. पण त्या बाईंचं बोलणं काढून घेतल्यानं हिच्या तोंडात एक शब्दही जास्त येणार नाही.” मग जरा थांबून तिने विचारले, “त्यांना केव्हापासून ऐकू येत नाही?”

“यंत्रामुळे—” मी सुरुवात केली.

“यंत्रानं कान गेलेल्या माणसांना बोलता येतं, आजी. रोज भेटतात मला.”

तिने पुढे विचारले नाही. ती जिन्यात गेली आणि परत आली तेव्हा नणंदबाई तिच्यासोबत होत्या. त्या माझ्याकडे न बघता भिंतीजवळच्या बाकावर बसल्या. झाकणी रांगत त्यांच्याकडे गेली आणि त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली. त्या दिवसापासून ताट वर आले. क्षमा मात्र मी मागितली नाही. मला ती मागता येत नव्हती. सत्तर वर्षे तिचा सराव केलेला नव्हता.

कानावरचे यंत्र सुरू झाल्यानंतर सहाव्या महिन्यात झाकणी माझ्या हाकेला वळली. टाच नाही, सावली नाही. मी दुसऱ्या खोलीत होते. नवव्या महिन्यात एका सकाळी यंत्रे धडधडत असताना ती जिन्याच्या तोंडाशी गेली, कठड्याला धरून उभी राहिली आणि खाली म्हणाली, “बन्.” पुन्हा म्हणाली, “बन्.” माझी मान ताठ आणि तिचीही. माझ्या मुलाने खालून यंत्रे बंद केली. वेळ फक्त नऊची होती. दीर म्हणाले, “घ्या. आता दोन मालकिणी झाल्या.”

यानंतर शब्द रोज येऊ लागले, आणि मग अचानक थांबले. झाकणीला अडीच वर्षे झाली होती. यंत्रावरचा हिरवा दिवा लागत होता, बॅटरी भरलेली होती. सुनेने दोनदा पाहिले. सगळे म्हणाले, मुलगी हट्टी झाली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी नणंदबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी मुलीच्या डोळ्यांकडे बोट दाखवले, मग माझ्या तोंडाकडे. मुलगी पुन्हा चेहरे वाचते आहे. हातांनी त्यांनी एवढेच सांगितले, आणि मग हात स्वतःच खाली घेतले. मी ते धरून दाबीन, असे त्यांना वाटले असावे.

मी त्याच तासाला मुलीला रुग्णालयात नेले. चकतीपर्यंत जाणारी बारीक वायर आतून तुटली होती. दिवा लागत होता, आवाज पोचत नव्हता. वायर बदलली. झाकणी खुर्चीवरून उतरली, डोके वाकडे करून ऐकले आणि म्हणाली, “ऐकू आलं.” श्रवणतज्ज्ञ बाई म्हणाल्या, “आजी, तुमची नजर तीक्ष्ण आहे.” मी त्यांना दुरुस्त केले नाही. वायर एका दिवसात बदलून मिळाली. माझी जीभ मात्र तशीच होती.

चार वर्षे पूर्ण झाल्यावर तिची भाषेची पूर्ण तपासणी झाली. दोन दिवस शिक्षिकेने तिला चित्रे दाखवली, गोष्टी सांगायला लावल्या, तोंड झाकून शब्द विचारले. दुसऱ्या दिवशी तिला “आता पुरे का?” असे विचारले, तर झाकणी म्हणाली, “तुझी चित्रं संपली की माझी आजी मला घरी नेणार आहे, आणि तुला नाही नेणार.”

“टोमणे वयाच्या मानानं पुढे आहेत,” शिक्षिका म्हणाली. “बाकीची भाषा साडेतीन वर्षांच्या मुलाइतकी. सहा महिन्यांचा फरक आहे. शाळेत भरून निघेल बहुतेक. निघालाच पाहिजे असं मात्र मी म्हणत नाही.”

तो सहा महिन्यांचा फरक कोणाचा, हे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती. एका दुपारी, झाकणी माझ्या मांडीवर असताना, नणंदबाईंनी ते महिने माझ्या हातात दिले होते आणि मी ते खाली दाबले होते. मुलगी तुटक वाक्ये जोडताना थांबते, शब्द शोधते, तेव्हा त्या थांबण्यात मी असते.

मग श्रवणतज्ज्ञ बाईंनी सांगितले, नव्या पालकांची बैठक आहे, तुम्ही बोला. “आजीनं ओळखलं, असं उदाहरण क्वचित मिळतं आम्हाला.”

सुनेने मला न विचारता नणंदबाईंनाही गाडीत बसवले. खोली लहान होती, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर तेच कानाचे चित्र. दहा-बारा कुटुंबे. पुढच्या रांगेत माझ्याच वयाची एक बाई नातवाला घेऊन बसली होती. बाळ चार महिन्यांचे असेल. श्रवणतज्ज्ञ बाईंनी तिला विचारले, घराण्यात आधी कोणी? ती ताठ बसून म्हणाली, “आमच्याकडे असलं काही नाही.” तिच्या सुनेने खाली पाहिले. त्या बाईचा आवाज हलला नाही. आपलाच थुंकलेला घास कोणी आपल्यासमोर पुन्हा वाढावा, तसे मला झाले.

मी उठले. नणंदबाई भिंतीजवळ बसल्या होत्या. मी लोकांकडे नव्हे, त्यांच्याकडे तोंड केले. तोंडाने बोलले ते इतरांसाठी. हातांनी बोलले ते त्यांच्यासाठी. जवळजवळ तीन वर्षांत मी तो हात उचलला नव्हता, म्हणून बोटे अडखळत होती.

“माझ्या नातीला ऐकू येत नाही हे मी ओळखलं नाही. यांनी ओळखलं, चौथ्या महिन्यात. मी यांचे हात धरून खाली दाबले. सात महिने घालवले. डॉक्टरांना सांगितलं, मला कळलं, परवाच कळलं. दोन्ही खोटं. वायर तुटली ती यांना दिसली. शाबासकी मी घेतली. घराण्यात कोणी नाही म्हणाले. या आहेत. यांना जन्मापासून ऐकू येत नाही. यंत्रामुळे नाही. जन्माच्या वेळी परिचारिकेनं विचारलं होतं, तेव्हा हे सांगितलं असतं, तर पहिल्याच महिन्यात तपासणी झाली असती.”

खोलीत सुनेची खुर्ची करकरली. तिने हे पहिल्यांदाच ऐकले होते. तिच्याकडे बघणे मी टाळले नाही. तिच्या नजरेत राग होता, आणि तिने आजतागायत मला माफ केलेले नाही, हे न्याय्य आहे.

“आणि नंतर मी या बाईंचं बोलणं घरात बंद केलं. दीड महिना. जेवण खाली पाठवलं. मुलीचं नाव पुढे करून.”

मी हात खाली घेतले. श्रवणतज्ज्ञ बाई काही बोलणार होत्या, पण नणंदबाई उठल्या. त्या माझ्यासमोर आल्या आणि एक बोट वर केले. एक राहिले. मग त्यांनी माझ्या मुलाचे लग्न हातांनी दाखवले. म्हणजे गळ्यात हार घातल्याचा अभिनय केला, आणि स्वतःला दाराआड ढकलून दाखवले.

मला आठवत नव्हते असे मी म्हणू शकले असते. मला आठवत होते.

“माझ्या मुलाच्या लग्नात,” मी तोंडाने आणि हातांनी सांगितले, “सुनेच्या माहेरच्या लोकांनी यांना काही विचारू नये, म्हणून मी यांना दिवसभर सामानाच्या खोलीत बसवून ठेवलं. बाहेरून कडी लावली होती. मी लावली होती. माझं चुकलं, वन्सं.”

झाकणी आईच्या मांडीवरून म्हणाली, “आजी, जोरात बोल, मला शेवटचं ऐकू नाही आलं.” मी ते पुन्हा म्हटले. जोरात.

नणंदबाईंनी माझ्या दोन्ही हातांकडे पाहिले, जसे त्या ठशाखालून निघालेल्या झाकणाची कड पाहत. मग त्यांनी तळहातावर तळहात घासला आणि दोन्ही हात मोकळे करून माझ्यासमोर धरले. फिटले, आता काही बाकी नाही.